बीडलॉक रिम घ्यायची की पांदणीचा अर्ज करायचा?



पावसाळा तोंडावर आला की गावातल्या पोट्ट्यांचा एक प्रश्न ठरलेला. थारला नाहीतर जुन्या जीपला बीडलॉक रिम टाकावी का? व्हिडिओ पाहून डोक्यात बसलेलं असतं, की ती रिम असली म्हणजे गाडी काळ्या चिखलात फसतच नाही. माझं मत आधीच सांगतो: शेतकऱ्याला बीडलॉकची गरज नाही. काऊन, ते खाली वाचा.

साध्या ट्यूबलेस चाकात टायरची कड रिमला दाबून धरते ती आतली हवा. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीवर जास्त टेकतो, पकड वाढते. पण १५ पीएसआयच्या खाली गेलो आणि चाक आडवं ओढलं गेलं, तर कड सुटून हवा एका झटक्यात जाऊ शकते. बीडलॉकमध्ये बाहेरून एक कडी बोल्टांनी आवळतात, टायरची कड तिच्यात आणि रिममध्ये चिमटली जाते. मग ८-१० पीएसआयवरही टायर निघत नाही. वाळवंटात किंवा दगडांवरच्या स्पर्धेत याचा खरा उपयोग.

आपली काळी माती वेगळी. पाणी पिऊन ती फुगते, चिकटते, टायरच्या नक्षीत भरून बसते. मग टायर गुळगुळीत, आणि चाक जाग्यावर फिरते. इथं कामाचा आहे रुंद फटींचा मड टायर, जो फिरता फिरता चिखल फेकतो. १८-२० पीएसआयपर्यंत हवा उतरवून फोर बाय फोर लोमध्ये हळू चाललं, तर सहसा साधी रिमही टायर सोडत नाही. डांबरी रस्त्यावर यायच्या आधी हवा परत भरा. नागपूरच्या उन्हात कमी हवेचा टायर तापून फुटायला वेळ लागत नाही. म्हणून पहिला खर्च हवा मोजायच्या गेजवर आणि १२ व्होल्टच्या पंपावर करा.

बीडलॉकचा तापही पाहा. चाक जड होते, बॅलन्सिंग नीट होत नाही. बोल्ट सारख्या ताणाने आवळावे लागतात, थोडं चालवून पुन्हा तपासावे लागतात. हवा भरलेली असताना ते बोल्ट खोलले तर जीवावर बेतू शकतं. बाजारात नुसते शोभेचे बोल्ट लावलेल्या रिमाही मिळतात. त्यातली कडी टायरला धरतच नाही, पैसे मात्र जातात.

कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. अपघातानंतर विम्याचा वाद उभा राहिला तर रिम विकणारा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनो, टायर रिमवर सरकायची भानगड तुमचीही आहे. मागच्या चाकात हवा फार कमी ठेवून जोर लावला की टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा वॉल तुटतो. टायर आणि रिम दोन्हीवर मिळून खडूची एक सरळ रेघ मारा. काम झाल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर हवा कमी आहे समजा. आणि ओल्या वावरात ट्रॅक्टर घालूच नका, वाफसा येऊ द्या. दबलेली काळी जमीन मोकळी व्हायला पुढचा हंगामही पुरत नाही. मौदा-रामटेककडे धानाच्या चिखलणीसाठी केज व्हील असते, ती गोष्ट वेगळी.

आता मुद्द्याचं. आपली गाडी फसते कुठं? वावरात कमी, पांदणीत जास्त. संत्र्याचे क्रेट, कापसाची गाठोडी, रात्री साप चावलेला माणूस, सगळं त्याच चिखलातून बाहेर काढावं लागते. एकाने महागडी रिम लावली तरी बाकीच्यांची बैलगाडी अन् मोटरसायकल तिथंच रुतलेली राहते.

त्यासाठी वाटा आहेत. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पांदण रस्ते योजना २०२१ मध्ये सुरू झाली. त्याबद्दल ग्रामसभेत विचारा, ठराव घ्यायला लावा. वावरात जायला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे धुऱ्यावरून रस्ता मागता येतो. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आहे. पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा टाकावा लागतो, हे विसरू नका.

रिमचे पैसे खिशात राहू द्या, भाऊ. या आठवड्यात शेजारचे चार धुरेवाले गोळा करा आणि सातबारा घेऊन तहसीलला जा.