इलेक्ट्रिक कार घेताय? आधी वस्तीवरची लाईट बघा, मग गाडीचा रंग!

संगमनेर : उसाचं बिल खात्यावर आलं, कांद्याचे दोन पैसे झाले की घरात गाडीचा विषय निघतोच. आतापर्यंत पेट्रोल घ्यायची की डिझेल, एवढाच प्रश्न असायचा. आता पोरं म्हणतात, इलेक्ट्रिक घेऊ. म्हातारी माणसं म्हणतात, लाईट गेली तर काय करायचं? आणि शोरूमवाला म्हणतो, साहेब, एकदा चालवून तर बघा.

तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. अडचण एवढीच, की गाडी चालवून बघितली जाते ती शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर, पंधरा मिनिटं, एकट्याने, एसीच्या गार हवेत. गाडी पुढची दहा वर्षं चालणार मात्र गावाकडे. गाडी वाईट नाही, पण तपासायची जागा चुकते. दहा-बारा लाखांच्या व्यवहारात ही चूक महागात पडू शकते.

सरकार काय देतं, काय देत नाही

राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात अशा गाड्यांना मोटार वाहन कर माफ आहे. ही सवलत लहान नाही. दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल कारला राज्यात 11 टक्के कर लागतो. म्हणजे नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीवर 99 हजार रुपये नुसता कर होतो. म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना पाटीवरची किंमत धरू नये. विमा, कर, नोंदणी धरून रस्त्यावर येईपर्यंतची किंमत दोन्हीकडून लेखी घ्यावी.

उलट बाजूही आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून 5 टक्केच आहे. म्हणजे पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि दोन्हींतलं अंतर पुन्हा वाढलं. जुन्या व्हिडिओतला हिशेब आज लागू पडेलच असं नाही.

टोलमाफीबद्दलही गैरसमज आहे. धोरणात पूर्ण माफीसाठी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग अशी तीन नावं आहेत. कोपरगाव-शिर्डीकडून समृद्धीने नागपूर किंवा मुंबईला सारखं जाणं-येणं असेल तर चांगला फायदा आहे. नाशिक-पुणे महामार्गाचं नाव मात्र त्यात नाही. संगमनेरहून पुण्याला जाणाऱ्याने टोल वाचेल असं धरून चालू नये.

पैसे फिटणार कधी?

साधा हिशेब मांडू. पेट्रोल 105 रुपयांच्या आसपास आणि गाडी लिटरला 17 किलोमीटर धरली, तर किलोमीटरला सहा रुपये जातात. इलेक्ट्रिक गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालवली, तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून साधारण 160 युनिट लागतात. युनिट सगळे आकार धरून 12 रुपयांना पडलं, तरी किलोमीटरला दोन रुपयांच्या आत काम होतं. म्हणजे किलोमीटरमागे चार रुपये वाचले.

आता इलेक्ट्रिक गाडी तीन लाखांनी महाग पडत असेल, तर ते तीन लाख फिटायला 75 हजार किलोमीटर चालवावी लागेल. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे सव्वातीन वर्षांत निघतात. हजार फिरणाऱ्याला सव्वासहा वर्षं लागतात. आणि जो फक्त लग्नसराईला, यात्रेला, दवाखान्याला गाडी काढतो, महिन्याला तीनशेच किलोमीटर, त्याला वीस वर्षं! कर्ज काढून घेतली तर व्याज आणखी वेगळं.

हा हिशेब घरच्या चार्जिंगचा आहे. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरचा दर घरच्यापेक्षा दुप्पटही असू शकतो. सगळं चार्जिंग बाहेरच केलं तर चार रुपयांची बचत दोनवर येते आणि फिटायची वर्षं दुप्पट होतात. म्हणून घरी चार्जिंग होतं की नाही, हा खरा पहिला प्रश्न आहे.

गावठाणात एक, वस्तीवर दुसरं

गावठाण फीडरवरच्या घरांना बऱ्यापैकी दिवसभर लाईट असते. वस्तीवर मात्र अनेक ठिकाणी घराची लाईट शेतीच्या फीडरवरूनच येते. थ्री फेज आठ तास, तीही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. बाकी वेळ सिंगल फेज मिळाली तर मिळाली, तीही मिणमिणती.

35 युनिट क्षमतेच्या बॅटरीचं उदाहरण घेऊ. 20 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर न्यायला 21 युनिट भरावे लागतात. 15 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तासाला सुमारे तीन युनिट भरतात. म्हणजे सात-आठ तास सलग आणि नीट दाबाची वीज हवी. मोटार चालू झाली की बल्ब मंद होतो, अशा वस्तीवर हे जमेल का, ते गाडी बघायच्या आधीच कळायला हवं.

त्यासाठी वायरमनला किंवा लायसनधारक इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन गोष्टी बघाव्यात. रात्री आठला आणि पहाटे चारला व्होल्टेज किती मिळतं? घराचा मंजूर भार किती आहे? अर्थिंग खरोखर आहे, की नुसती तार भिंतीत गेलेली आहे? अर्थिंग नीट नसेल तर बरेच चार्जर चालूच होत नाहीत. आणि ते बरंच आहे, नाहीतर जीवाशी खेळ.

बिलाचंही बघावं. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. आज 90 युनिट जाळणारं घर गाडीमुळे 250 युनिटांवर जातं आणि वरची बहुतेक युनिटं महागड्या टप्प्यात मोजली जातात.

काहीजण म्हणतात, शेतीपंपाची वीज माफच आहे, तिथेच लावू गाडी. असं अजिबात करू नये. ज्या कारणासाठी कनेक्शन दिलं ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरली, तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते.

छतावर सोलर बसवणं हा चांगला मार्ग आहे. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे आणि दिवसाला सरासरी 12 युनिटच्या आसपास वीज मिळते. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. नेट मीटरवरचं नेहमीचं सोलर लाईट गेली की बंद पडतं, कितीही ऊन असलं तरी. त्यामुळे सोलरने बिल कमी होईल, फीडरची अडचण जाणार नाही.

चालवून बघायची ती अशी

कंपनी सांगते ती रेंज प्रयोगशाळेतल्या चाचणीची असते. उदाहरणार्थ, 2024 मध्ये आलेल्या टाटा पंच ईव्हीच्या मोठ्या बॅटरीला 421 किलोमीटरचा आकडा दिला होता. कोणत्याही गाडीचा असा आकडा दोन-तृतीयांश धरून हिशेब केला तर फसगत होत नाही. 421 चे 280 धरले, तर संगमनेरहून पुण्याला जाऊन परत येणं एका चार्जिंगमध्ये जेमतेम काठावर येतं. समृद्धीवर 120 ने हाणली तर रेंज आणखी घटते. वेग वाढला की वारा अडवतो आणि बॅटरी भराभर उतरते.

म्हणून शोरूमवाल्याला सांगावं, गाडी दोन-तीन तासांसाठी गावाकडे आणा. गिऱ्हाईक पक्कं वाटलं तर बरेच विक्रेते तयार होतात. मग या गोष्टी कराव्यात :

घरची पाच माणसं बसवावीत, एसी लावावा आणि निघताना बॅटरीचे टक्के लिहून घ्यावेत. समजा 80 टक्क्यांवर निघाले आणि 40 किलोमीटर फिरून 64 वर आले. म्हणजे 16 टक्क्यांत 40, एका टक्क्याला अडीच किलोमीटर. पूर्ण बॅटरीत 250. पण रोज 80 ते 20 टक्केच वापर धरावा, म्हणजे खात्रीचे 150. हाच आपला खरा आकडा.

चढ-उताराचा रस्ता घ्यावा. चंदनापुरी घाट असो की राजूरकडचा रस्ता, चढताना टक्के किती उतरतात आणि उतरताना किती परत येतात ते बघावं. पाय उचलला की गाडी आपोआप आवळते. त्याची सवय होते का, मागच्या माणसाला मळमळतं का, तेही कळेल.

भरल्या गाडीने गावातल्या गतिरोधकावरून आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोरीतून जावं. बॅटरी खाली पोटाशी असते, तिथला दणका परवडणारा नाही. आजीला मागे बसवून बघावं. काही गाड्यांत पायाखालची जागा उंच असते, गुडघे वर येतात. डिकी उघडून स्टेपनी आहे का बघावं. काही मॉडेलमध्ये स्टेपनीऐवजी नुसता पंक्चरचा डबा देतात. रात्री आडरानात टायर फाटला तर डब्याने भागत नाही.

सही करण्याआधी

बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची हमी देतात. ती दुसऱ्या मालकाला मिळते का, पाणी शिरल्यास किंवा उंदरांनी वायर कुरतडल्यास काय, हे लेखी घ्यावं. वस्तीवर उंदरांचा त्रास सगळ्यांना माहीत आहे. हाय व्होल्टेजचं काम करणारा माणूस जवळच्या सर्व्हिस सेंटरला आहे, की गाडी नाशिक-पुण्याला उचलून न्यावी लागते, तेही विचारावं.

बॅटरी भाड्याने आणि गाडी स्वस्तात, अशीही योजना निघाली आहे. त्यात किलोमीटरमागे भाडं द्यावं लागतं. महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतील, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. वर केलेल्या हिशेबात चार रुपये वाचतात. भाडंच साडेतीन-चार रुपये असेल तर हाती काय राहिलं?

मग घ्यावी कोणी?

गावठाणात घर, रात्रभर लाईट, रोज साठ-सत्तर किलोमीटरचं येणं-जाणं असलेला शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, दूध संकलनवाला यांनी जरूर विचार करावा. फायदा स्पष्ट आहे. शेतीच्या फीडरवरची वस्ती आणि महिन्याला चार फेऱ्या, अशा घराने तूर्त थांबलेलं बरं. घरात पेट्रोलची दुसरी गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

आणि घेतलीच तर एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावा. खेड्यात दारातली कार हीच रात्रीची ॲम्ब्युलन्स असते. दोन वाजता कुणाच्या छातीत दुखलं, सुनेला कळा सुरू झाल्या, तर आधी चार्ज करू म्हणता येत नाही. म्हणून जवळच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन परत येण्याएवढे टक्के बॅटरीत रोज रात्री शिल्लक हवेत. तो आकडा चालवून बघतानाच काढावा आणि चार्जिंगच्या सॉकेटशेजारी भिंतीवर लिहून ठेवावा.