वारशात आलेली गुपितं

‘तुंबाड’ या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाची घोषणा २०२४ मध्ये झाली, तेव्हाच हा अंक ठरला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना मूळ चित्रपटाचं बीज विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने सांगितलेल्या नारायण धारपांच्या गोष्टीतून मिळालं. म्हणून आम्हा नागपूरकरांना तो अधिकच जवळचा. त्यात नायक विनायक आपल्या पोराला, पांडुरंगला, हस्तर या शापित देवाच्या लंगोटातून मोहरा काढायची तालीम देतो. घराण्याच्या गुपितासोबत हावही पुढच्या पिढीकडे जाते. पण पांडुरंग शेवटी ते सोनं नाकारतो.

कुमारवयात घरातलं न बोललेलं बरंच कानावर पडू लागतं. त्यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं, हे ठरवायला अद्भुतकथा बळ देतात, असं आम्हाला मनापासून वाटतं. या अंकातले लेख त्याच अंगाने लिहिले आहेत. तरुण वाचकांनो, तुमचं मत जरूर कळवा.