गुड मॉर्निंगची फुलं कशाला जपायची?

मैत्रिणींनो, फोन रोज आपोआप बॅकअप घेतो म्हणून आपण निर्धास्त. पण तो काय काय जपतो, पाहिलंय कधी? आमच्या बचत गटातल्या एका ताईंची गुड मॉर्निंगची फुलं नि परक्यांच्या लग्नाचे व्हिडिओ सगळे गुगल फोटोजवर चढत होते. तिथं फुकटची जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि ड्राइव्हसकट. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजतात. जागा भरली, बॅकअप थांबला आणि मेलही येईना. अडली नेमकी बँकेची! गटाच्या हिशेबवहीचे नवे फोटोही फोनमध्येच राहिले.

माझ्या मते व्हॉट्सअ‍ॅपची फोल्डरं बॅकअपमधून वगळावीतच. गुगल फोटोजच्या बॅकअप सेटिंगमध्ये फोल्डरची यादी असते, तिथं नको ते बंद करायचं. (आधी चढलेलं त्यानं उतरत नाही, ते निवडूनच काढावं लागतं.) मात्र फीची पावती, डॉक्टरांची चिठ्ठी हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरच येते. ती आधी ड्राइव्हमध्ये टाका. हे काम मुलावर सोपवू नका. बटण तो पटकन दाबेल हो, पण कुठली पावती कामाची, हे त्याला काय ठाऊक?