अंथरूण रोज उचललं जातं का?

लहान मुलाला जमिनीवर झोपवलं तर चालेल का, हा प्रश्न मला हल्ली वरचेवर विचारला जातो. माझी सगळी नोकरी सोलापुरात मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून झाली. आता वर्षातला बराच काळ मी कुंभकोणमला, मेलकावेरीत, लेकीकडे असते. जावयांचं घराणं तंजावरी मराठी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी कुटुंबं कावेरीच्या खोऱ्यात आली, त्यांच्यातलं. या घरात पिढ्यान्‌पिढ्या सगळे कोरैच्या चटईवर, म्हणजे इथल्या लव्हाळ्याच्या चटईवर झोपले. आता नातीसाठी ऑनलाइन ‘फ्लोअर बेड’ आला आहे: जाड फोमची गादी, भोवती बुटकी लाकडी चौकट आणि वर घराच्या आकाराचा सांगाडा.

पडण्यापुरतं विचाराल तर माझं उत्तर स्वच्छ ‘हो’ आहे. ‘पलंगावरून पडलं’ हे वाक्य वॉर्डात इतक्यांदा ऐकलं आहे की पुढचे प्रश्न आपोआप तोंडात यायचे: उलटी झाली का, झोपाळल्यासारखं करतंय का, किती उंचावरून पडलं? कठड्याची खाटही काही काळच उपयोगाची. मूल कठड्यावर पाय टाकायला शिकलं की ते तिथून पडतं, आणि नुसत्या पलंगापेक्षा जास्त उंचीवरून पडतं. ते चढू लागलं की त्याला खाली आणावं, यात मला शंका नाही. मारिया माँटेसोरीही हेच सांगत. मुलाला स्वतःहून आडवं होता यावं, स्वतःहून उठता यावं, म्हणून त्याचा बिछाना ठेंगणा हवा, असा त्यांचा आग्रह होता. त्या 1939 साली मद्रासला आल्या आणि महायुद्धाची वर्षं त्यांनी भारतातच काढली. पण या देशात जमिनीवर झोपणं कुणाला शिकवायची गरज नव्हती.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. आपल्याकडची मुलं जमिनीवर सुखरूप झोपली, ती जमिनीमुळे नव्हे. त्यांना दोन गोष्टी राखत होत्या. एक म्हणजे मूल एकटं झोपत नसे. आजी, आई, आत्या, मोठी भावंडं अशी रांग असायची आणि ते रात्री उठलं की कुणाचा तरी हात त्याच्यावर पडायचा. दुसरी म्हणजे अंथरूण रोज काढलं जाई. सकाळी चटई झटकायची, उन्हाला टाकायची, गुंडाळायची, खालची जमीन झाडायची. चटईखाली काय शिरलं आहे, ते रोज डोळ्यांखालून जाई. आता दुकानातून आपण फक्त जमीन विकत आणतो. मूल वेगळ्या खोलीत एकटं, आणि ती जड गादी एका जागी महिनोन्‌महिने तशीच. ऐप्पसी-कार्तिगै या तमिळ महिन्यांच्या पावसात इथली फरशी पाझरल्यासारखी ओली होते. अशा फरशीवर न उचललेल्या फोमखाली बुरशी धरते, झुरळं होतात, आणि दम्याचा त्रास असलेलं मूल त्याच्यावर नाक टेकून झोपतं.

इथे विंचवाकिरड्याचा विषय टाळून चालणार नाही. मेलकावेरी आता शहरातच आहे, पण हा सगळा मुलूख भाताचा. भात तिथे उंदीर आणि उंदीर तिथे साप. आपण ज्याला मण्यार म्हणतो आणि इथे कट्टुविरियन म्हणतात, तो रात्री फिरणारा साप. तो जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि चावल्याचं कळतही नाही, कारण दुखत नाही आणि खूण जेमतेम दिसते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात, आवाज जातो. मोठा माणूस निदान काहीतरी सांगू शकतो. दीड वर्षाचं मूल काय सांगणार? भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यातली चौथाईहून जास्त पंधरा वर्षांच्या आतली. कोकणातल्या वाचकांना विंचू सांगायला नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि 1986 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं, तेव्हापासून कितीतरी मुलं वाचली.

म्हणून जमिनीवर झोपवू नका, असं मी म्हणणार नाही. मच्छरदाणी लावा आणि तिची कड चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचा. नेपाळच्या आग्नेय भागातल्या सर्पदंशांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला, त्यात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना मोठं संरक्षण मिळाल्याचं दिसलं. नुसती वरून सोडलेली, कडा लोंबकळणारी जाळी उपयोगाची नाही. मुलाच्या अंगाखाली जाळीचा सैल घोळही राहता कामा नये. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारच्या झोपेलाही जाळी हवीच. मूल सकाळी उठल्यावर पापण्या जड दिसल्या, गिळता येईना, तर सर्पदंशाची खूण शोधत बसू नका. मांत्रिकाकडे जाऊ नका. सरळ सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिविष तिथे मिळतं.

आता खोलीकडे या. कठडा गेला की सगळी खोलीच मुलाची खाट होते. रात्री दोन वाजता ते उठणार आणि चालू लागणार. या जुन्या घरांत मधल्या दालनात ऊंजल असतो, पितळी साखळ्यांचा जाड फळीचा झोपाळा. त्याची कड दीड वर्षाच्या मुलाच्या बरोबर कपाळाशी येते. रात्री तो काढून ठेवावा किंवा साखळीने भिंतीशी बांधावा. न्हाणीघरात भरलेली बादली असते. वीतभर पाण्यातही वाकलेलं मूल बुडतं, कारण या वयात डोकं जड असतं आणि त्याला परत उठता येत नाही. बादली रात्री उपडी घाला, न्हाणीच्या दाराला वरची कडी लावा. बिछान्याशेजारी पेटती कॉइल आणि खालच्या प्लगमध्ये डासांच्या औषधाची बाटली ही जोडी मला घरोघर दिसते. दोन्ही जमिनीलगत, दोन्ही मुलाच्या हाताशी. जाळी नीट लावलीत तर त्या दोन्हींची गरजच उरत नाही.

कपाटाचं तर ऐकाच. ड्रॉवर उघडून त्यावर पाय देऊन चढणं हा या वयाचा धर्म आहे. अशी कपाटं अंगावर कोसळून मुलं दगावल्यावर 2016 साली आयकिया या फर्निचर कंपनीने एकट्या अमेरिकेत जवळजवळ 2 कोटी 90 लाख कपाटं परत मागवली. आपल्याकडे भिंतीला पट्टी मारून कपाट बसवायची पद्धतच नाही. सुताराला बोलावलं तर अर्ध्या तासाचं काम आहे.

गादी भिंतीला टेकवून ठेवली की मधली फट हळूहळू रुंदावते. मूल त्यात सरकतं आणि तोंड गादीत दबतं. एक तर गादी भिंतीपासून चांगली दूर घ्या, नाहीतर फट राहणारच नाही अशी बसवा. चौकटीच्या दांड्यांमध्ये 6 सेंटीमीटरहून जास्त अंतर असेल तर धड जातं आणि डोकं अडकतं. ती चौकट परत पाठवा. आमची चौकट मी लेकीला काढायला लावली. तिच्याशिवाय बिछाना जास्त चांगला आहे आणि उचलायलाही हलका. आता तो रोज सकाळी भिंतीला उभा राहतो.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र हे काही लागू नाही. त्याला पाठीवर, सपाट आणि टणक पृष्ठभागावर, उशी-दुलईशिवाय, आईच्या खोलीत पण स्वतःच्या जागेवर झोपवावं. फोमच्या मऊ गादीवर पालथं झालेल्या तान्ह्या बाळाला मान वळवता येत नाही. साडीची झोळी, जिला इथे तूळि म्हणतात, तीही मूल रांगायला लागल्यावर उतरवून ठेवावी. मोठ्या मुलांना झोळीत खेळताना कापडाचा फास बसल्याच्या बातम्या तमिळनाडूत पुन्हा पुन्हा येतात.

हे सगळं विकणाऱ्याने सांगायला हवं. तो सांगत नाही. आमच्या खोक्यात जोडणीचे स्क्रू मोजून दिले होते, पण फट, कपाट, बादली यांबद्दल एक ओळ नव्हती. म्हणून माझी विनंती महाराष्ट्र आणि तमिळनाडू या दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांना आहे. गोवर-रूबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर 16 ते 24 महिन्यांच्या वयात देतात. मूल खाटेवरून जमिनीवर येतं तेही याच वयात. त्या दिवशी आई मुलाला घेऊन नर्सबाईंपुढे बसलेलीच असते. लस टोचून झाल्यावर तिला एवढंच विचारा: मूल रात्री कुठे झोपतं, शेजारी कोण असतं आणि अंथरूण रोज उचलता का? उत्तरं कार्डावर लिहा, आणि जिथे मूल एकटं झोपतं तिथे आशाताईंना एकदा खोली बघायला पाठवा.