कान आपले, मत कुणाचं?



आमच्या हॉस्टेलमध्ये दोन विषयांवर रात्री बारानंतरही वाद चालतो. एक मेसच्या डाळीवर आणि दुसरा हेडफोनवर. डाळीबद्दल निदान शेवटी सगळ्यांचं एकमत तरी होतं! हेडफोनचं तसं नाही. एक म्हणतो, "बेस एकदम टाइट आहे." दुसरा म्हणतो, "छे रे, सगळा चिखल आहे." आणि तिसरा, ज्यानं तो हेडफोन अजून कानालाही लावलेला नाही, तो म्हणतो, "साउंडस्टेज कमी आहे म्हणे."

मला आज लिहायचंय ते या 'म्हणे'बद्दल. कारण या 'म्हणे'पायी माझे नऊ हजार रुपये गेले आहेत.

तर झालं असं. सेकंड इयरला असताना मी हेडफोनबद्दलची मतं वाचायला लागलो. सबमिशन बाजूला, जर्नल बाजूला, रात्र रात्र नुसती मतं! कुठला 'वॉर्म', कुठला 'ब्राइट', कुठला 'अॅनालिटिकल'. महिन्याभरात मला पन्नास शब्द येऊ लागले. कानाला मात्र तोपर्यंत दीडशे रुपयांचा इअरफोन, त्याचीही एक बाजू बंद. घरून प्रोजेक्टच्या सामानासाठी पैसे आले, ते घेऊन मी लॅमिंग्टन रोडला गेलो आणि पूर्ण कान झाकणारा, बंद पाठीचा एक हेडफोन घेऊन आलो. बाबांना सांगितलं, "मायक्रोकंट्रोलरचं किट घेतलं." माझं गाव शेणवा, शहापूर तालुक्यातलं. घरी भातशेती. नऊ हजार म्हणजे किती पोती भात, हा हिशेब मला तेव्हाही येत होता. मी तो केला नाही, एवढंच.

पहिले दोन महिने मी हवेत होतो. रूमवर येणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर तो चढवायचो आणि त्यानं काही बोलायच्या आत स्वतःच सांगायचो, "बेस बघ!" तोही मान हलवून म्हणायचा, "भारी आहे." आता आठवलं की हसू येतं. त्याचं मत मीच देत होतो आणि मग त्याला मत विचारत होतो.

पुढे आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका सरांनी त्यांचा सेनहायझर एचडी ६५० लॅबमध्ये ऐकायला दिला. एका सेमिस्टरच्या मेसबिलाहून महाग असलेली वस्तू सरांनी सहज हातात ठेवली, याचंच आधी आश्चर्य वाटलं. हा हेडफोन २००३ साली बाजारात आला आणि अजूनही लोक त्याच्यावर भांडतात. तो उघड्या पाठीचा आहे. कपाच्या मागे जाळी असते आणि आवाज आत-बाहेर मोकळा फिरतो. ही पद्धत याच कंपनीनं १९६८ साली एचडी ४१४ या मॉडेलनं रूढ केली. त्याच्या आधी, १९५८ साली, अमेरिकेत जॉन कॉस यांनी संगीत ऐकण्यासाठी स्टीरिओ हेडफोन काढला होता. त्याही आधी हेडफोन म्हणजे मुख्यतः वायरलेस ऑपरेटर आणि टेलिफोनवाल्यांचं हत्यार.

या एचडी ६५० वर जगभरच्या ऐकणाऱ्यांचे दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, गाण्यावर झिरझिरीत पडदा टाकल्यासारखं वाटतं. दुसरा म्हणतो, तासन् तास ऐका, कान शिणत नाहीत. गंमत अशी की दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत. या हेडफोनचा वरच्या पट्टीचा आवाज, म्हणजे झांजा, टाळ, 'स'चा सीत्कार, थोडा मवाळ आहे. ज्याला चकचकीत आवाजाची सवय तो त्याला पडदा म्हणतो, ज्याचं डोकं दुखायचं तो आराम म्हणतो. गुण एकच, मतं दोन. तेव्हा खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही!

मग मतं का जुळत नाहीत? आपण इंजिनिअरिंगवाले, जरा कारणं बघू. पहिलं, प्रत्येकाचा कान वेगळा. कानाच्या पाळीचा आणि नळीचा आकार आवाज बदलतो. कानाची नळी साधारण ३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज आपोआप वाढवते, पण नेमका कुठे आणि किती, हे माणसागणिक बदलतं. दुसरं, चष्मा. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये चष्म्याच्या काडीनं फट राहिली की बेस गळून जातो. मग चष्मेवाला म्हणतो बेस नाही, बिनचष्म्याचा म्हणतो फार आहे. तिसरं, वाजवतोय कशावर. एचडी ६५० चा इंपिडन्स ३०० ओहम. कंपनीच्या आकड्यानुसार १ व्होल्ट दिला तर १०३ डेसिबल आवाज मिळतो. फोननं अर्धाच व्होल्ट दिला तर ६ डेसिबल गेले. हळू आवाजात रेकॉर्ड झालेली शास्त्रीय मैफल मग फुसकी वाटते आणि दोष हेडफोनला मिळतो. चौथं, खोली. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून आमच्या रूमचा पंखा, बाहेरचा कॅरम, सगळं आत येतं. आणि आपलं गाणं रूममेटच्या झोपेत जातं! सरांच्या घरी उत्तम ठरलेली वस्तू आमच्या हॉस्टेलमध्ये भांडणाचं मूळ ठरू शकते.

पाचवं कारण सगळ्यात लबाड आहे. आवाजाची पातळी. दोन हेडफोनपैकी जो जरासा मोठा वाजतो तो आपल्याला 'चांगला' वाटतो. हळू आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ सालीच मोजून ठेवलंय. म्हणजे नुसता आवाज वाढवला तरी बेस 'सुधारतो'. म्हणूनच आपण वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दिलेली मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास, तीही ८० डेसिबलवर. ३ डेसिबल वाढवले की तास निम्मे. रात्रभर कानाला लावून झोपणाऱ्यांनी हा गुणाकार स्वतः करावा.

हे सगळं कळल्यावर आम्ही रूमवर एक उद्योग केला. तीन हेडफोन घेतले. सरांचा एचडी ६५०, माझा नऊ हजारी आणि रूममेटचा दीड हजाराचा, ज्याला मी 'डबा' म्हणायचो. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात फोनचा माईक बसवला आणि तिन्हींची पातळी जमेल तेवढी सारखी केली. अचूक नाही, पण अंदाजापेक्षा बरी. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर रुमाल. हेडफोन दुसऱ्यानं चढवायचा, ऐकणाऱ्यानं हात लावायचा नाही. गाणी तीच, मतं कागदावर. आठ जण बसले.

प्रामाणिकपणे सांगतो, परीक्षा पूर्ण आंधळी नव्हती. सरांच्या हेडफोनच्या मखमली गाद्या कानाला लगेच ओळखू येतात. त्यामुळे त्याला मिळालेले गुण मी धरतच नाही. पण उरलेल्या दोघांच्या गाद्या सारख्याच रेक्झिनच्या. आणि त्या दोघांत आठपैकी सहा जणांनी 'डबा' निवडला. त्या सहांत एक मीही होतो! माझ्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "दुसऱ्या नंबरचा गायकाचा आवाज जास्त खरा. पहिल्याचा बेस गाण्यावर बसलाय." पहिला म्हणजे माझा नऊ हजारी. रुमाल काढल्यावर रूममेट काही बोलला नाही. त्यानं चहा मागवला. त्याच्या न बोलण्याचं जास्त लागलं.

आठ पोरांच्या खेळावरून सिद्धांत मांडू नये, हे मलाही कळतं. पण हाच प्रश्न मोठ्यांनीही मोजलाय. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी कंपनीतल्याच ४० जणांना तेच स्पीकर आधी झाकून आणि मग दाखवून ऐकवले. दिसायला लागल्यावर गुण बदलले. आणि ही ध्वनीच्या धंद्यातली माणसं होती! २०१७ साली जेरोन ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनच्या मोजमापांची किमतीशी तुलना केली. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांचा संबंध आढळला नाही. याचा अर्थ महाग ते वाईट असा नव्हे. टिकाऊपणा, आराम, सुटे भाग मिळणं याचेही पैसे असतात. अर्थ एवढाच की किमतीच्या चिठ्ठीवरून आवाज ऐकू येत नाही.

आता शेणव्याची गोष्ट सांगतो, कारण हेडफोनवरचं सगळ्यात चांगलं मत मी तिथे ऐकलं.

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी त्यांचा हेडफोन आणि छोटा अॅम्प्लिफायर मला घरी न्यायला दिला. आसनगावला लोकलमधून उतरून शहापूर, तिथून एसटीनं शेणवा. पूर्ण प्रवासात ती पिशवी मी मांडीवरून खाली ठेवली नाही. आमच्या गावच्या भजनी मंडळात काका पखवाज वाजवतात. आधीच्या सप्ताहात मी त्यांच्या भजनाचं रेकॉर्डिंग केलं होतं, कॉलेजच्या रेकॉर्डरवर. ते त्यांना ऐकवलं. काका ओटीवर डोळे मिटून बसले. रुमाल बांधायची गरजच पडली नाही. त्यांना त्या वस्तूची किंमत माहीत नव्हती, नाव माहीत नव्हतं, 'साउंडस्टेज' हा शब्द माहीत नव्हता.

चार-पाच मिनिटांनी हेडफोन काढून म्हणाले, "कणीक सुकली होती रं माझी."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. तिच्या वजनानं तो आवाज खाली उतरतो, भरतो. कणीक सुकली की धूम चढते आणि पोकळ वाजायला लागते. त्या रात्री मंडपात हे कुणाला कळलं नव्हतं, मला तर नाहीच. मग मी त्यांना माझा नऊ हजारी लावला. ते हसायला लागले. "यात बेस झालाय माझा हात! यात सगळंच धुमधुम. सुकलेलं कळतच नाही."

मी विचारलं, "मग काका, चांगला कुठला?"

ते म्हणाले, "मन रमवायला हा तुझा. शिकायला तो सरांचा."

वाचलेल्या शेकडो मतांत मला एवढं स्पष्ट मत सापडलं नव्हतं. बघा ना, त्यात काय काय आहे. काय ऐकलं ते आहे, कुठे फरक पडला ते आहे आणि कशासाठी कुठला हेही आहे. विशेषण एकही नाही! आणि ते तपासता येतं. मीही परत ऐकलं आणि मलाही ती पोकळ धूम ऐकू आली. 'बेस टाइट आहे' हे असं तपासता येत नाही. त्यावर फक्त मान हलवता येते.

काही जण म्हणतील, मग अनुभवी लोकांची मतं वाचायचीच नाहीत का? वाचा की. काकांचं मतही अनुभवाचंच होतं. चाळीस वर्षं पखवाज वाजवणाऱ्याला जे ऐकू आलं ते मला सांगितल्याशिवाय आलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की अनुभवी माणूस आपल्याला काहीतरी *ऐकवतो*. नुसते शब्द पाठ केलेला माणूस आपल्याला फक्त गप्प करतो. आमच्या हॉस्टेलवर दीडशेचा इअरफोन वापरणारी बरीच मुलं आहेत. त्यांना "तुला काय कळणार" म्हणून उडवून लावणाऱ्यांत मीही होतो. त्या सगळ्यांची इथे माफी मागतो. रुमाल बांधल्यावर त्यांचे कान माझ्यापेक्षा खरे निघाले.

आणि शब्दच हवे असतील तर आपल्याकडे काय कमी आहेत? खणखणीत, घोगरा, किनरा, बसका, भरदार, पोकळ, कर्कश, दबका, फाटलेला. हे शब्द आपण लहानपणापासून माणसांच्या आवाजासाठी वापरतो. त्यांचा अर्थ आजीपासून वॉर्डनपर्यंत सगळ्यांना सारखा कळतो. हेडफोनबद्दल बोलतानाच ते कुठे जातात कोण जाणे!

तेव्हा पुढच्या वेळी कुणी हेडफोनवर मत दिलं तर त्याला तीन प्रश्न विचारा. कुठल्या गाण्यात, कुठे, काय ऐकलंस? कशावर आणि किती मोठ्यानं वाजवलंस? आणि किंमत माहीत नसती तर हेच म्हणाला असतास का? तिसऱ्यावर तो चिडला तर समजून घ्या. मीही चिडलो होतो.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मी बाबांना किटची खरी गोष्ट सांगितली. त्यांनी तो हेडफोन हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला, कानाला लावला, थोडा वेळ ऐकला. मग काढून ठेवला आणि म्हणाले, "आवाज बरा आहे. पण तू खोटं बोललास."

दोन वाक्यं. दोन्ही मतं मला मान्य आहेत.