पोहणाऱ्याच्या पायांतील फिन

मनुष्य जलचर नव्हे. त्याचें पाऊल भूमीवर चालण्यास योग्य आहे; पाण्यांत शिरतांच तें किती दुबळें ठरतें, हें पोहावयास शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या अनुभवास येतें. हें उणें भरून काढण्याकरितां निघालेलें साधन म्हणजे पायांत घालावयाचे फिन. हल्लीं त्यांचे अनेक प्रकार मिळतात व त्यांची स्तुति बहुधा वेगावरूनच केली जाते. आमचें मत निराळें आहे. फिनची सुधारणा वेगावरून न मोजतां, पोहणाऱ्याचा दम किती टिकतो व स्वतःच्या गतीवर त्याचा ताबा किती राहतो, यांवरून मोजावी.

या साधनाचा इतिहास बोधप्रद आहे. बेंजामिन फ्रँकलिन यानें बालपणीं चित्रकाराच्या रंगफळीसारख्या, सुमारें १० इंच लांब व ६ इंच रुंद अशा दोन फळ्या करून त्या हातांत धरून पोहून पाहिलें. वेग वाढला, परंतु मनगटें थकलीं. पायांसही त्यानें एक प्रकारचे तळवे बांधले. पण पाण्यास रेटा कांहीं अंशीं पायाच्या आंतल्या बाजूनें व घोट्यानेंही मिळतो असें आढळून आल्यामुळें त्याचें समाधान झालें नाहीं. सांध्यांस किती सोसेल, आणि अवयवाची स्वाभाविक हालचाल कशी आहे, हे दोन प्रश्न त्या मुलापुढें उभे राहिले. आजच्या कारागिरापुढेंही तेच आहेत. पुढें फ्रेंच नौदलांतील अधिकारी लुई द कोर्ल्यू यानें १९३३ सालीं फिनचें पेटंट घेतलें. अमेरिकन नौकापटु ओवेन चर्चिल यानें १९४० च्या सुमारास ते अमेरिकेंत विक्रीस आणिले, आणि दुसऱ्या महायुद्धांत नौदलाच्या पाणबुड्यांनीं त्यांचा उपयोग केला.

पाणी मागें ढकललें म्हणजे शरीर पुढें जातें, हा न्यूटनचा नियम विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. परंतु थोडें पाणी जोरानें ढकलण्यापेक्षां पुष्कळ पाणी सावकाश ढकलल्यास तेवढाच रेटा कमी श्रमांत मिळतो. कारण पाण्याचा संवेग त्याच्या वेगाच्या प्रमाणांत वाढतो, तर त्याची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत. रुंद पात्याचा लाभ तो हाच. मग पातें हवें तेवढें मोठें कां करूं नये? कारण तें हालविणारी मांडी व पोटरी मनुष्याचीच आहे. ती थकते व तींत पेटके येतात. शिवाय पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यामुळें दुप्पट वेगास सुमारें आठपट शक्ति लागते. पाठीवरील टाकींतील हवा मोजकीच असते. तेव्हां वेगाचा हव्यास धरणारा ती हवा लवकर संपवितो, हें उघड आहे.

पात्याच्या लवचिकपणाचा विचारही असाच करावा लागतो. अगदीं ताठ पातें पाणी बहुतांशीं वर-खालींच ढकलतें. योग्य तितकें वांकणारें पातें तिरकस होऊन तेंच पाणी मागें सारतें. पण फार मऊ असल्यास तें दुमडून जातें व रेटा वायां जातो. म्हणून पातें पायापाशीं जाड व टोंकाकडे पातळ असावें. त्याच्या दोन्ही कडा उंच ठेवल्या म्हणजे पाणी बाजूंस निसटत नाहीं व पातें डगमगत नाहीं. घोटा पुरता सरळ होत नाहीं, म्हणून पातें तळपायाशीं किंचित खालीं झुकवितात.

ताब्याचें महत्त्व पटण्यास आपल्या मालवणचें उदाहरण पुरेसें आहे. तेथील सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें. त्या समुद्रांत प्रवाळ आहे, आणि तो पाहण्यास पर्यटक पाण्याखालीं उतरतात. लांब पात्याच्या एका बेसावध फटक्यानें वाळू उसळते व वर्षानुवर्षें हळूहळू वाढलेला प्रवाळ क्षणांत मोडतो. अशा ठिकाणीं बेडकाप्रमाणें पाय मारतां यावा, जागच्या जागीं वळतां यावें, प्रसंगीं मागेंही सरतां यावें. यास आंखूड व कांहींसें ताठ पातेंच बरें. एका श्वासांत खोल बुडी मारणाऱ्यास मात्र लांब पातें हवें. एकच फिन सर्वांस उत्तम, ही समजूत टाकून द्यावी.

कोणी म्हणेल, बुडत्यास वांचविणाऱ्यास तरी वेगच पाहिजे. त्वरा हवी, यांत शंका नाहीं. परंतु त्याला केवळ जावयाचें नसतें, एका घाबऱ्या जीवास घेऊन परतावयाचेंही असतें. जातांनाच ज्याच्या पोटऱ्यांत पेटके आले, त्याच्या वेगाचा बुडत्यास काय उपयोग?

यास्तव आमची सूचना अशी कीं, कारखानदारांनीं एकाच आकाराचे फिन निरनिराळ्या ताठपणाचे करावे, व तो ताठपणा सर्वांस समजेल अशा एकाच मापानें फिनवर छापावा. घेणाऱ्यानेंही रंगास न भुलतां ते पाण्यांत वापरून पाहावे, आणि त्यापूर्वीं उघड्या पायांनीं नीट पोहावयास शिकावें. ज्यांस गणिताची व यंत्रांची आवड आहे अशा विद्यार्थ्यांस येथें करण्याजोगें काम पुष्कळ आहे. त्यांनीं मासा कसा पोहतो हें अवश्य पाहावें; परंतु माप घ्यावयाचें तें मनुष्याच्या पायाचें, हें विसरूं नये.