मोडकी मोटार आणि काळा कोट

गेल्या खंडेनवमीला भाच्याच्या मोटारीला झेंडूची माळ मी माझ्या हातांनी घातली होती. यंदा माळ होती, पण घालायला मोटार नव्हती. ऑगस्टात भर पावसात घाटाच्या वळणावर गाडी घसरली आणि कठड्यावर जाऊन आदळली. भाचा एकटाच होता, दुसऱ्या कोणाला लागले नाही आणि त्याचेही कपाळावरच्या दोन टाक्यांवर निभावले, हीच देवाची कृपा.

महिन्याभराने स्वारी आमच्याकडे आली ती प्रश्न घेऊनच. "मामा, वकील करू का?"

"आधी चहा घे," ही म्हणाली. "वकील कुठे पळून जात नाहीत!"

प्रकरण असे होते. दुरुस्तीचा अंदाज निघाला ४ लाख १० हजारांचा. पॉलिसीत गाडीची किंमत लिहिली होती ४ लाख ८० हजार. ही किंमत म्हणजेच ती आय. डी. व्ही. दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी 'टोटल लॉस' धरतात. तशी ती धरली गेली. पण कंपनी म्हणाली, "आजचा बाजारभाव ३ लाख ९० हजार आहे. तेवढे घ्या आणि इथे सही करा." इकडे बँकेचे २ लाख १० हजार फिटायचे होते. मोटार गेली, पण तिचे हप्ते काही गेले नव्हते!

त्यातच एक 'सल्लागार' भेटले. "जास्तीचे मिळतील त्यातला चौथा हिस्सा माझा," म्हणाले. वाचकहो, असा हिस्सा मागणारा कोणी भेटला, तर त्याला लांबूनच नमस्कार करावा. निकालातल्या रकमेत वाटा ठरवून घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांनाही मनाई आहे.

मी म्हटले, "पॉलिसी वाचलीस?"

भाचा गप्प. लग्नपत्रिका आपण उलटसुलट वाचतो आणि पॉलिसी मात्र कपाटात जपून ठेवतो!

चष्मा पुसून आम्ही दोघे बसलो. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत ते वाक्य सापडले. टोटल लॉसच्या दाव्यात आय. डी. व्ही. हाच पॉलिसीच्या संपूर्ण मुदतीत बाजारभाव धरायचा, त्यातून आणखी घसारा कापायचा नाही. झाले! भांडण कायद्याचे नव्हतेच, वाचण्याचे होते.

सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागितली. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला एक पानी पत्र लिहिले. त्यात राग नाही, धमकी नाही. कलम, आकडा आणि तारीख एवढेच. पत्राची पोच जपून ठेवली. एकोणिसाव्या दिवशी ४ लाख ७९ हजार मंजूर झाले. एक हजार कापले ते सक्तीच्या वजावटीचे, आणि ते रास्तच होते. बँकेचे फिटून भाच्याच्या हाती २ लाख ६९ हजार आले. मोडलेला सांगाडा कंपनीने नेला. तो आपण ठेवून घेतला असता, तर त्याची किंमत वजा झाली असती.

आणि कंपनीने ऐकलेच नसते तर? तर विमा लोकपाल आहेत. मुंबईत आणि पुण्यातही त्यांचे कार्यालय आहे. कंपनीला लिहून महिनाभर उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत तिथे जाता येते. शुल्क नाही आणि वकिलाचे कामही नाही. २०२३ पासून ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. तिथे मुदत दोन वर्षांची असते आणि आपली बाजू आपण स्वतः मांडू शकतो. मात्र एकाच वेळी दोन्ही दारे ठोठावू नयेत.

मग वकील नकोच का? तसे मुळीच नाही. अपघातात कोणी जखमी झाले वा दगावले, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, किंवा परवाना नाही, दारू घेतली होती, खोटी माहिती दिली असे सांगून कंपनीने दावाच फेटाळला, तर पाहिल्या दिवशी चांगला वकील गाठावा आणि फी आधी लेखी ठरवावी. तिथे वाचवलेली फी पुढे फार महाग पडते.

आणखी एक. 'पूर्ण व अंतिम' असे लिहिलेल्या कागदावर घाईने सही करू नये. दबावाखाली सही घेतली असेल तर केवळ तिच्यामुळे हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले आहे. पण दबाव होता हे सिद्ध करता करता आपल्याच नाकी नऊ येतात.

या दिवाळीला भाचा बसने आला. बरोबर पेढे होते. "मामा, तुमची फी," म्हणाला.

ही आतून ओरडली, "पत्राचे शुद्धलेखन मी तपासले होते!"

निम्मे पेढे तिकडे गेले. तेव्हा वाचकहो, यंदा लक्ष्मीपूजन आटोपले की कपाटातली पॉलिसी काढा आणि एकदा सबंध वाचा. झेंडूची माळ पुढच्या खंडेनवमीला घालता येईल.